एका यंत्रातले तीन उंबरे

हे विश्वंभरा, एवढे ब्रह्मांड मांडलेस आणि ज्याला त्याला त्याची जागा आखून दिलीस. समुद्राला किनारा दिलास, ताऱ्याला वाट दिलीस, बीजाला टरफल दिलेस, श्वासाला छाती दिलीस. एकाचे ओझे दुसऱ्याच्या उरावर पडू नये म्हणून मधे थोडे अंतर ठेवलेस, आणि त्या अंतरातून हाक ऐकू यावी म्हणून वारा ठेवलास. तुला वंदन करून तुझ्याच एका लेकीची कथा सांगायची आहे. ती कुणी मोठी नव्हे. दृष्टिहीनांना पुस्तके ऐकवणाऱ्या एका ग्रंथालयात ती संगणक सांभाळते. तिचा नवरा सुतार; ग्रंथालयाची कपाटे त्याने केली तेव्हा तिथल्या सगळ्यांशी त्याचे भाऊपण जुळले, आणि मागाहून बायको तिथे कामाला लागली ती आपोआप सर्वांची वहिनी झाली.

पुस्तकांच्या कोठारामागे एक लांबट खोली होती. एका भिंतीशी जुन्या ध्वनिफितींची मांडणी, दुसऱ्या भिंतीशी लोखंडी पेटीसारखा सर्व्हर, आणि त्याच्या पंख्याची एकसुरी घरघर. सकाळी आल्या आल्या वहिनी सर्व्हरच्या झाकणावर तळवा ठेवी, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणे, "हं, काय म्हणताय मंडळी?"

मंडळी म्हणायचे कारण, आत तीन प्रोग्राम राहत होते. पहिला देवघेवीचा: कुणी कोणते पुस्तक नेले, कुणी आणून दिले, ते तो पाही, आणि प्रत्येक नोंदीला बाहेरच्या काउंटरवर ‘टुंग’ असा आवाज करी. दुसरा फोनचा: वाचकांचे फोन उचलणे हे त्याचे काम. तिसऱ्याचे नावच वाचक. फोन करणाऱ्याला हवे ते पुस्तक तो यंत्राच्या आवाजात वाचून दाखवी.

तिघेही जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेले. या भाषेची रीत अशी, की तिच्यातला प्रोग्राम थेट लोखंडावर पाऊल ठेवत नाही. आधी लोखंडावर एक मानलेले यंत्र उभे राहते, त्याला आभासी यंत्र म्हणतात, आणि प्रोग्राम त्या यंत्राच्या घरात नांदतो. नवी वस्तू घडवायची तर जागा घराकडे मागायची. वस्तू नकोशी झाली की ती उचलायला घरातच एक झाडणारा असतो. त्या झाडणाऱ्याचा नियम मोठा न्यायाचा. वस्तू जुनी की नवी, सुबक की ओबडधोबड, हे तो पाहत नाही. तो एवढेच पाहतो, की हिचा धागा कुणाच्या हातात आहे का? एकानेही धागा धरला असेल तर तो तिला हात लावत नाही. सगळ्यांनी सोडला, की मग उचलतो. सज्जनहो, आपण तरी या जगात आहोत ते कशाच्या बळावर? कुणीतरी आपला धागा धरून ठेवला आहे, एवढ्याच ना?

वहिनीने या तिघांचे बिऱ्हाड एकाच आभासी यंत्रात थाटून दिले होते. सर्व्हर जुना, मेमरी बेताची. तीन घरे बांधायची तर तीन पाये आणि तीन छपरे, त्यातच बरीच जागा जायची. शिवाय तिचा स्वभाव. ती भरल्या घरात वाढलेली. भिंत म्हटली की तिला भांडण आठवे. एकाला कमी पडले तर दुसऱ्याचे उरलेले त्याच्या कामी येईल, असा तिचा साधा हिशेब.

तो हिशेब वाचकाने मोडला. सकाळी फोनची गर्दी झाली की वाचक फुगत जाई. फुगता फुगता सगळे घर भरून टाकी. मग झाडणारा उठे, आणि तो नेटाने झाडू लागला की घरातल्या प्रत्येकाला हातातले काम ठेवून जागच्या जागी उभे राहावे लागे. बाहेर काउंटरची टुंग थांबे. रांगेतल्या पांढऱ्या काठ्या अस्वस्थपणे फरशीवर वाजू लागत. झाडून झाडून हाती काही लागत नसे, कारण वाचकाने सगळ्या वस्तूंचे धागे घट्ट धरलेले. शेवटी घरच कोसळे, आणि एकाच्या पायी तिघेही जात.

"वहिनी!" काउंटरवरच्या काकांची हाक कोठार ओलांडून येई. "तुमचा वाचक पुन्हा पाट अडवून बसला!"

"उठवते, काका."

"उठवू नका हो, बाहेर काढा त्याला. खातो एक आणि उपास घडतो सगळ्यांना!"

ग्रंथालयाच्या प्रमुख बाई जन्मापासून दृष्टिहीन. बोटांनी वाचणाऱ्या, मोजके बोलणाऱ्या. त्यांनी एके दिवशी वहिनीला बोलावून खुर्ची पुढे केली, आणि त्यावरूनच वहिनीने ओळखले की बातमी बरी नाही.

"मलाही वाचक आवडतो," बाई म्हणाल्या. "पण काल एक गृहस्थ काठी टेकत टेकत इतक्या लांबून आले आणि पुस्तक न घेता परत गेले. वाचक ऐकणारे थोडे, काउंटरवर येणारे पुष्कळ. सोमवारी समिती बसते आहे. तोवर इलाज सापडला तर ठीक, नाहीतर वाचक बंद."

"नवा सर्व्हर, बाई...?"

"मिळणार असता तर मी तुम्हाला बसायला सांगितलं असतं का? उभ्या उभ्याच सांगितलं असतं."

वहिनी हसली, पण ते हसू वरवरचे होते. कारण तो वाचक तिने ज्या एका माणसासाठी लिहायला घेतला होता, ते माणूस तिच्या घरी, आतल्या खोलीत, फोन कानाला लावून बसले होते.

ती तिची सासू. उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला. पुस्तक छापण्याआधी त्यातली चूक हेरायची, हे काम. बुद्धीला धार, जिभेला त्याहून अधिक. मग हळूहळू नजर गेली. आधी अक्षरांच्या कडा गेल्या, मग ओळी, मग पाने. सुनेने रोज जवळ बसून वाचून दाखवायला सुरुवात केली; मोठ्या प्रेमाने, आवाज स्वच्छ काढून. काही दिवस सासूबाईंनी ऐकले. मग एके दुपारी म्हणाल्या, "पुरे गं."

"का, आई? माझं चुकतं का कुठे?"

"चुकत नाही तुझं, तोच तर त्रास आहे. तू वाचतेस आणि मला तुझ्या पोळ्या आठवतात. ही दमली असेल, हिला भूक लागली असेल, आता थांब म्हणावं का, हेच डोक्यात. मी आयुष्यभर एकटीनं वाचलंय. मला कुणाला हाक न मारता वाचायचंय."

या शब्दांतून वाचक जन्मला. सासूबाई सकाळी दार लोटून घेत, फोन लावीत, आणि पुन्हा एकदा एकट्या वाचू लागत. आवाजावर टीका मात्र चालूच. "तुझ्या वाचकाला मोजायचा चार आणि गुरांचा चारा यांतला ‘च’ वेगळा हे कधी कळायचं? माझ्या छापखान्यात असता तर सायंकाळपर्यंत टिकला नसता!" सध्या एका घड्याळजीची लांबलचक कादंबरी चालली होती. समुद्रापार गेलेला तो घड्याळजी परतीच्या वाटेवर होता, आणि अजून घरी पोचायचा होता.

सोमवारची गोष्ट वहिनीने घरी सांगितली. सुतार नवऱ्याने हातातला ताट पुसायचा फडका तसाच ठेवला. सासूबाईंनी मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "तो घड्याळजी आत्ता बंदरात आहे. बोट मिळत नाहीये त्याला." आणि उठून आपल्या खोलीत गेल्या. दार त्यांनी लोटले नाही. उघडेच ठेवले. ते उघडे दार वहिनीच्या काळजात काट्यासारखे रुतले.

दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यात प्रथमच भिंती घातल्या. तिघांना तीन स्वतंत्र आभासी यंत्रे दिली. ज्याचे घर त्याचे, ज्याचा झाडणारा त्याचा. प्रत्येक घराला मेमरीची मर्यादा सांगावी लागते. सांगताना तिचा हात आखडेना. काउंटर गर्दीचा, त्याला जरा जास्त. फोन बिचारा दिवसभर राबतो, त्यालाही जास्त. वाचक तर आईंचा. त्याला सर्वांत जास्त. कुणाचे पोट मारायचे नाही, या मायेच्या भरात तिने वाटले ते लोखंडाजवळ होते त्याहून अधिक वाटले. कागदावर तिघेही श्रीमंत झाले. पण खरी जागा संपली, तेव्हा सर्व्हर एकाचे सामान उचलून मंद तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, नेऊन ठेवू लागला, दुसऱ्याचे परत आणू लागला, आणि त्या ने-आणीतच त्याचा दम उखडला.

काका स्वतः चालत मागे आले. "वहिनी, काल एक झोपायचा. आज तिघेही अंथरुणाला खिळलेत. औषध बदला."

"समजलं, काका. एक चादर तीन पायांवर ओढली मी."

"चादर सोडा, पाय बघा. एवढे लांब पाय कुणाचे आहेत ते शोधा आधी!"

काका गमतीने बोलले, पण बोलले ते नेमके. भिंत घालण्याआधी भूक पाहायला हवी होती. वाचक एवढे खातो तरी काय? वहिनी घरी गेली ती हाच प्रश्न घेऊन. जेवताना चमचा हातातच राहिला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चमचा वाजला नाही तुझा. काय अडलंय?"

"आई, तुम्ही ‘परत वाच’ म्हणता ना, म्हणून वाचलेल्या प्रत्येक पानाचा आवाज वाचक जपून ठेवतो; पडून उठला, तरी तबकडीवरच्या नकलेवरून सगळे आवाज परत हाती घेतो. तुम्हाला थांबावं लागू नये म्हणून मी तसंच लिहिलंय."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

"मागच्या पुस्तकाचंसुद्धा?"

"हो, त्याचंसुद्धा."

"अगं बाई!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मी ‘परत वाच’ म्हणते ते मागच्या वाक्याला. फार तर मागच्या पानाला. संपलेलं पुस्तक उशाशी घेऊन कशाला बसू? आणि वाटलंच कधी, तर थांबेन की घटकाभर! छापखान्यात एका फर्म्याची पानं छापून येईपर्यंत दिवस दिवस थांबलेय मी. तुला कोण म्हणालं, मला थांबता येत नाही म्हणून?"

सुतार ताटावरून मान वर न करता म्हणाला, "माझ्या दुकानात असंच. प्रत्येक तुकडा उद्या लागेल म्हणून ठेवतो, आणि आज रंधा मारायला जागा नसते."

"तू मधे बोलू नकोस," आई म्हणाली. "तुझ्या दुकानात मीच अडखळते."

रविवारी ग्रंथालय बंद असते. खिडकीतून दुपारचे ऊन कोठारात आले होते. वहिनीने वाचकाचे घर उघडून पाहिले. पाने, पाने, पाने. संपलेल्या गोष्टी, कुणी पुन्हा न मागितलेली प्रकरणे, आणि त्यांत सासूबाईंनी अगदी पहिल्या दिवशी ऐकलेले पहिले पान. प्रत्येकाचा धागा वाचकाच्या मुठीत, आणि वाचकाची मूठ तिनेच वळलेली. झाडणाऱ्याचा काय दोष? प्रेमाने धरलेले तो कसे उचलील?

त्या पहिल्या पानापाशी ती बराच वेळ थांबली. मग देवाचे नाव घेऊन तिने वाचकाला नवा नियम लिहून दिला: हातात शेवटची मोजकीच पाने, नवे आले की सर्वांत जुने सोडायचे, कुणी मागितलेच, तर पुन्हा वाचून द्यायचे. आणखी एक गोष्ट तिने बदलली. ऐकणारा कुठवर आला, ती खूण आजवर वाचक स्वतःच्याच घरात ठेवी. घर कोसळले की खूणही जाई, आणि बिचाऱ्याला प्रकरण पहिल्यापासून ऐकावे लागे. ती खूण तिने शेजारच्या घरात, फोनकडे सोपवली. शेवटी तिन्ही घरांच्या मर्यादा नव्याने आखल्या, या वेळी हात आखडता घेऊन. बेरीज लोखंडात बसली, वर थोडी जागाही उरली. आणि पडेल त्या घराला पुन्हा उभे करायला एक छोटा प्रोग्राम राखणदार म्हणून बाहेर बसवला.

सोमवारी बाईंच्या खोलीत समिती बसली. समितीतले बहुतेकजण दृष्टिहीन, त्यामुळे दाखवायचे काही नव्हते. जे सिद्ध करायचे ते कानांना पटवायचे होते. वहिनीने काय केले ते सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, "वाचक पुन्हा पडणार नाही, याची हमी देता?"

"नाही, बाई."

खोलीत चुळबुळ झाली.

"तो पडेल," वहिनी म्हणाली. "कधी कुणी असं पुस्तक मागेल की त्याला झेपणार नाही. पडेल तो. पण एकटा पडेल. बाकीच्या दोघांना धक्का लागणार नाही. हवं तर आत्ता पाडून दाखवते."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. दार उघडं ठेवू या, काउंटर ऐकू येईल. आणि आत्ता एक आजी फोनवर आहेत, घड्याळजीची कादंबरी ऐकताहेत. त्यांची परवानगी सकाळीच घेतली आहे."

सकाळी परवानगी मागितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पाड खुशाल. पण घड्याळजी बोटीत चढल्यावर पाड. त्याआधी पाडलास तर घरात घेणार नाही तुला."

बाईंच्या टेबलावरच्या ध्वनिवर्धकातून वाचकाचा सपाट आवाज येऊ लागला. घड्याळजी बोटीच्या कठड्याशी उभा होता. दाराबाहेर काउंटर चालू होता: टुंग. वहिनीने वाचकापुढे एक अवाढव्य शब्दकोश ठेवला आणि तो अख्खा एका घासात मागितला. घड्याळजीने किनाऱ्याकडे हात हलवला, आणि "दूरवर त्याला एक" इथे आवाज तुटला.

सगळ्यांनी माना दाराकडे वळवल्या.

टुंग. काकांचा आवाज आला, "घ्या ताई, सांभाळून न्या. पुढचे कोण?" टुंग.

कुणीतरी हलकेच श्वास सोडला. पण वहिनीचे कान ध्वनिवर्धकाला चिकटले होते. काउंटर वाचला, हे तिला ठाऊकच होते. फोन? तेवढ्यात फोनने आपले वाक्य उच्चारले. ते तिनेच आपल्या आवाजात भरून ठेवलेले: "वाचक उठतो आहे. तुमची खूण माझ्याजवळ आहे. जरा थांबा."

राखणदाराने वाचकाला हाक दिली असणार. घर उभे राहायला वेळ लागतो. काल पाडून पाहिला तेव्हा लागला त्याहून आज जास्त लागत होता. टुंग. वहिनीने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले. सासूबाईंनी वैतागून फोन ठेवला, तर समितीला ऐकू येईल ती फक्त तुटलेल्या फोनची घरघर, आणि मग सगळे बोलणे व्यर्थ. पुन्हा तेच वाक्य: "तुमची खूण माझ्याजवळ आहे. जरा थांबा."

पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला, "थांबलेय गं. घाई नाही मला."

आणि वाचक उठला. प्रकरणाच्या आरंभापासून नव्हे, पानाच्या आरंभापासूनही नव्हे. जिथे पडला होता त्याच वाक्यावर उभा राहिला. "दूरवर त्याला एक दिवा दिसला. त्याने चार वेळा हात हलवला."

"चार!" सासूबाई कडाडल्या. "मरून उठला, तरी ‘च’ तसाच!"

समिती खळखळून हसली. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या. मग त्या म्हणाल्या, "एकाच्या पडण्याची दुसऱ्याला झळ नाही, आणि पडलेल्याची खूण शेजाऱ्याने सांभाळलेली. माझी हरकत संपली. कुणाची आहे?" कुणाचीच नव्हती. वाचक राहिला.

त्या दिवशी वहिनी घरी परतली तेव्हा सासूबाईंच्या खोलीचे दार लोटलेले होते. आतून वाचकाचा आवाज अस्पष्ट येत होता. शब्द कळत नव्हते, लय तेवढी कळत होती. बोट किनाऱ्याला लागली असेल का? घड्याळजी घरी पोचला असेल का? विचारावे म्हणून तिने दारावर बोट टेकवले. मग तिने ते हळूच काढून घेतले, स्वयंपाकघरात गेली, आणि आवाज होणार नाही अशा बेताने कणीक मळायला बसली. ज्या भिंतीला ती आयुष्यभर भ्याली, तिच्या एका बाजूला आज तिची सासू सुखाने एकटी होती, आणि दुसऱ्या बाजूला ती स्वतः, त्या लयीवर हात चालवत.

हे दयाघना, या लेकीला सुखी ठेव. तिच्या हाताची माया आटू देऊ नकोस आणि तिला आलेले माप हरवू देऊ नकोस. त्या म्हातारीच्या कानांना अखेरपर्यंत शब्दांचा सहवास दे, जिभेची धारही राहू दे. सुताराच्या दुकानात रंधा मारण्यापुरती जागा होऊ दे. त्या घरातल्या प्रत्येकाला लोटून घ्यायला एक दार असो, आणि दारापलीकडे थांबलेले कुणीतरी असो. आणि त्यांच्यापैकी कुणी कधी वाटेत पडलेच, तर त्याची खूण तू आपल्याजवळ ठेव, आणि जिथे थांबले होते तिथूनच त्याला पुन्हा चालव.